बॅरिॲट्रिक (लठ्ठपणाच्या) ऑपरेशननंतरची फोनवरची फॉलोअप सर्विस : सेलूत राहून घेतलेला अनुभव

हा रिव्ह्यू मी मुद्दाम उशिरा लिहितेय. ऑपरेशनच्या आधी मी स्वतः जेवढे म्हणून रिव्ह्यू वाचले ते सगळे डिस्चार्जनंतर महिन्या-दोन महिन्यांत लिहिलेले, डॉक्टर देवमाणूस, स्टाफ प्रेमळ, रूम स्वच्छ, पाच स्टार. खोटं असतं असं नाही पण त्यातून नव्या माणसाला काही कळत नाही, कारण ऑपरेशन होतं दीड-दोन तासात आणि पुढचं सगळं होतं आपल्या स्वयंपाकघरात, तिथं सर्जन नसतो, आपल्याकडं असतो फक्त एक फोन नंबर. तो नंबर उचलतात का, उचलणाऱ्याला काय येतं, आपलं जेवणखाण त्याला कळतं का, माझ्या मते वजन उतरणं निम्मं तिथं ठरतं. म्हणून हा रिव्ह्यू त्या फोनचा आहे, म्हणजे डायटिशियन मॅडम, कोऑर्डिनेटर ताई आणि वेळ आली तेव्हा स्वतः सर्जन, यांनी करोनाच्या बंदीच्या काळात मला जी सर्विस दिली तिचा.

सेंटरचं नाव टाकत नाही. तेव्हाच्या औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला आहे एवढं पुरे. आमच्या भागातले लोक कोणी पुण्याला जातं, कोणी हैदराबादला, कोणी सोलापूरला, नाव ऐकून नंबर लावतात. काय विचारायचं ते माहीत असलं तर कुठंही कामाला येईल.

थोडं माझ्याबद्दल. आमचं परभणी जिल्ह्यातल्या सेलूत किराणा दुकान आहे, मी आणि आमचे हे दोघं मिळून बघतो, घरात सासूबाई आणि दोन मुलं. माझी उंची पाच फूट दोन इंच आणि वजन ११२ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४५ च्या वर. शुगरच्या गोळ्या चालू, गुडघे गेलेले, आणि रात्री झोपेत श्वास अडकायचा म्हणून मशीन लावून झोपायचे. आपल्या आशियाई लोकांसाठी ऑपरेशनचा जो हिशोब तेव्हा धरायचे तो असा की बीएमआय ३७.५ च्या पुढं, किंवा शुगर-बीपी सारखं काही जोडीला असेल तर ३२.५ च्या पुढं. म्हणजे मी दोन्हीकडून बसत होते. डाएट, काढे, उपास, बेल्ट, सगळं करून झालं होतं, दहा किलो उतरायचं आणि बारा किलो परत चढायचं.

तारीख मिळाली होती मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यातली. २२ ला जनता कर्फ्यू झाला, रेल्वे बंद झाली, २५ पासून लॉकडाऊन, आणि तातडीची नसलेली सगळी ऑपरेशन्स जिकडंतिकडं पुढं ढकलली. मी त्याआधी आणखी एका ठिकाणी चौकशी केली होती, तिथून या काळात मला काय यायचं तर 'लिमिटेड ऑफर, आत्ताच बुक करा' असे मेसेज, आणि फोन केला तर कोणी बोलायला नाही. इथून मात्र एप्रिलमध्येच डायटिशियन मॅडमचा फोन आला, ताई ऑपरेशन कधी होईल ते आमच्या हातात नाही पण तोपर्यंत तुमचं काम चालू ठेवू. दर पंधरा दिवसाला फोन. तेव्हा टीव्हीवर रोज सांगायचे की लठ्ठ माणसाला, शुगरवाल्याला करोना जड जातो, दुकान तर जीवनावश्यक म्हणून उघडं, गिऱ्हाईक समोर उभं, रात्र रात्र झोप नसायची मला भीतीनं. मॅडम त्या भीतीवर बोलायच्या आधी, आहारावर नंतर. गच्चीवर किती चाललात, मशीन लावून झोपता ना, शुगर किती आली. आजूबाजूला सगळ्यांची वजनं वाढत होती त्या उन्हाळ्यात, माझं थोडं का होईना उतरलं, आणि एक रुपया घेतला नव्हता त्यांनी तोवर.

ऑपरेशन शेवटी नोव्हेंबर २०२० मध्ये झालं, दिवाळीनंतर. पण त्याच्या आधी दोन आठवडे नुसत्या पातळ पदार्थांवर राहावं लागतं, प्रोटीनचं पेय, ताक, डाळीचं पाणी, सूप, कारण लठ्ठ माणसाचं लिव्हर चरबीनं फुगलेलं असतं आणि ते पोटाच्या वरच येतं, ते आकसलं तरच सर्जनला दुर्बिणीतून नीट काम करता येतं. ते दोन आठवडे नेमके दिवाळीचे. दुकानात बेसन, मैदा, तूप, डालड्याची गर्दी, घरात चकलीचा वास, आणि मी ताक पिऊन काट्यावर बसलेली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मॅडमचा फोन आला, म्हणल्या आज सगळ्यांना फोन करायलेय, आजचा दिवस काढा. स्वतःच्या घरचं लक्ष्मीपूजन सोडून. ही सर्विस कुठल्या पॅकेजात लिहिलेली नसते.

ऑपरेशनबद्दल थोडक्यात सांगते. माझं स्लीव्ह झालं, म्हणजे जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. नुसती जागा कमी होते असं नाही, भूक लावणारं एक हार्मोन असतं ते बरचसं त्या काढलेल्या भागातच तयार होतं म्हणून सुरुवातीला भूकच लागत नाही. आधी आरटीपीसीआर, सोबत एकच माणूस, भेटायला कोणी नाही. संध्याकाळीच उठवून चालवलं, पायात गुठळी होऊ नये म्हणून पोटात इंजेक्शनं दिली, तीन छोट्या चेंडूंचं ते श्वास ओढायचं यंत्र हातात दिलं आणि तिसऱ्या दिवशी घरी. सर्जन उत्तम, माझी काही तक्रार नाही.

घरी आल्यावर फाइल उघडली तर आत डाएट चार्ट इंग्रजीत. ब्रोकोली सूप, ग्रीक योगर्ट, असं काहीबाही. सेलूत नोव्हेंबर २०२० मध्ये ब्रोकोली! मी फोन केला. मॅडम म्हणल्या तो कागद ठेवा बाजूला, तो सगळ्यांना छापील देतात, तुमच्या घरी रोज काय शिजतं ते सांगा. मी सांगत गेले, मुगाची डाळ, ताक, शेवग्याच्या शेंगा, ज्वारीची आंबील, हुलगे, येसर, आणि त्यांनी त्यातूनच चार्ट बनवला, मराठीत, हातानं लिहून फोटो पाठवला. पहिले दोन आठवडे पातळ, सगळं वस्त्रगाळ, शेवग्याचं पाणी, मुगाच्या डाळीचं वरचं पाणी, हुलग्याचं कढण तिखट न घालता. मग दोन आठवडे घोटलेलं, मुगाचं वरण रवीनं एकजीव करून, मऊ पनीर कुस्करून, दही. मग मऊ, मऊ खिचडी, शिजवलेली भाजी, आणि साधारण दोन महिन्यांनी भाकरीचा पापुद्रा वरणात भिजवून. आम्ही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि दिवसाला ६० ग्रॅम तरी प्रोटीन पाहिजे असा नियम, तर ते कुठून आणायचं हा सगळ्यात अवघड प्रश्न होता. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास, पावशेर दुधात आठ, आणि वाटीभर पातळ वरणात आपल्याला वाटतं भरपूर असेल पण चार-पाच ग्रॅमच्या वर जात नाही. आपल्याकडं वरण खाल्लं म्हणजे ताकद आली असं समजतात ना, ते मॅडमनी वजन करून दाखवलं. म्हणून सोयाबीनच्या वड्या भिजवून, पिळून, मिक्सरला काढून वरणात घालायला सांगितल्या, आणि मराठवाड्यात सोयाबीनला काय तोटा.

पाणी पिणं हे एक मोठं काम होऊन बसतं, हे कोणी आधी सांगत नाही. घोटभर पाणी प्यायलं तरी छातीत दाटून यायचं. खोकल्याच्या औषधासोबत मापाचा छोटा प्लास्टिकचा कप येतो ना, तो घ्या म्हणल्या. एक कप, पाच-दहा मिनिटांत, चमच्यानं. मग पुढचा. दिवसाचं दीड लिटर असंच भरायचं, आणि जेवणाच्या आधी अर्धा तास नंतर अर्धा तास पाणी बंद. मी दुकानात गल्ल्याशेजारी तो कप ठेवायचे आणि पाटीवर खडूनं रेघ ओढायचे, गिऱ्हाइकाला वाटायचं उधारीच्या रेघा आहेत.

आता वजनाचं. दर रविवारी वजन कळवायचं होतं. घरातला छोटा काटा कधी दोन किलो जास्त दाखवायचा कधी तीन कमी, नवा मागवावा तर कुरिअरचा पत्ता नाही, आणि दवाखान्यात जाऊन काट्यावर उभं राहायची त्या दिवसांत हिंमत नव्हती. मी विचारलं, आमच्याकडं ज्वारीची पोती मोजायचा प्लॅटफॉर्म काटा आहे, त्यावर चालेल का? मॅडम म्हणल्या का नाही चालणार, तुमच्या काट्याला तर दरवर्षी सरकारी शिक्का बसतो, आमच्याकडच्या काट्यापेक्षा खरा असेल. फक्त वार तोच, वेळ तीच, कपडे तेच. मग रविवारी सकाळी शटर उघडायच्या आधी आमचे हे काट्यावरची धूळ झाडायचे, शून्य करायचे, मी चपला काढून चढायचे आणि ते लाल आकड्यांचा फोटो काढून पाठवायचे. पहिल्या महिन्यात आकडा भराभर खाली आला, दुसऱ्यात थोडा हळू, आणि मग एकदम थांबला. तीन आठवडे तोच आकडा. मला रडू आलं होतं, एवढं पोट कापून घेतलं आणि आता काय? त्या रविवारी मॅडमनी फोटोला उत्तर न देता थेट फोन केला, सांगितलं की हे जवळजवळ सगळ्यांचं होतं, शरीर थोडं थांबतं, त्या काळात कमरेचं माप घ्या. घेतलं तर माप कमी झालेलं. तोवर मला हे कोणी सांगितलं असतं तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता, मापाची टेप हातात होती म्हणून ठेवला.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. जानेवारीत येळवस म्हणजे वेळा अमावास्या आली, लातूरकडच्या माणसाला येळवस काय असते ते सांगायची गरज नाही, सगळं गाव शेतात, कोपीत पांडव मांडायचे, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. रस्ते तेव्हा उघडले होते, भाऊ न्यायला येतो म्हणला. मी मॅडमना भीत भीत विचारलं. त्या स्वतः तिकडच्याच निघाल्या. म्हणल्या, आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आणि ताक, बिनधास्त प्या पण घोट घोट, ती भरल्या ग्लासात घेऊ नका. भज्जीत तूर, हरभरा, वाटाणा, पावटा सगळं ओलं आणि वर बेसन, म्हणजे प्रोटीनच आहे, चार चमचे, साल लागलं तर काढून, चावून चावून. उंडा आणि खीर या वर्षी फक्त नैवेद्याला. मी बांधावर बसून चार चमचे भज्जी अर्धा तास खाल्ली आणि मला एकदाही असं वाटलं नाही की मला पंगतीतून उठवलंय. एखाद्या मोठ्या शहरातली डायटिशियन असती तर एकतर जाऊच नका म्हणली असती नाहीतर तिला भज्जी म्हणजे कांदाभजी वाटली असती.

मग आली दुसरी लाट. मार्च २०२१ पासून पुन्हा बंद, एप्रिलमध्ये 'ब्रेक द चेन', किराणा सकाळी ७ ते ११, आणि २२ एप्रिलपासून दुसऱ्या जिल्ह्यात जायचं तर वैद्यकीय किंवा तसंच अत्यावश्यक कारण पाहिजे. माझे ऑपरेशननंतरचे चौथा, पाचवा, सहावा महिना त्यातच गेले आणि नेमक्या याच महिन्यांत अडचणी येतात. केस गळायला लागले, कंगवा भरून केस. हे होतं, एवढं वजन एकदम उतरल्यावर तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान केस गळतात आणि बहुतेकांचे परत येतात, माझेही आले. कॅल्शियमच्या गोळ्या संपल्या, सेलूच्या मेडिकलवाल्याकडं दुसऱ्या कॅल्शियमच्या होत्या, तो म्हणला सगळं एकच असतं ताई. फोटो पाठवला तर मॅडमनी सांगितलं हे कार्बोनेट आहे, त्याला पचायला पोटातलं आम्ल जास्त लागतं आणि तुमच्या पोटात ते आता कमी आहे, तुम्हाला सायट्रेट पाहिजे. मग त्यांनीच परभणीच्या एका होलसेलवाल्याकडं चौकशी करून दुधाच्या गाडीतून डबा पाठवायची सोय केली.

रक्ताच्या तपासण्या तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षानं लागतात, हिमोग्लोबिन, आयर्न, बी१२, डी, कॅल्शियम, लिव्हर, शुगर. त्या सगळ्या सेलूच्या लॅबमध्ये रक्त देऊन झाल्या, रिपोर्ट मोबाइलवर. सहाव्या महिन्याला बी१२ खाली आलं तर गोळीवरून इंजेक्शनवर आणलं, ते गावातच घेतलं. त्यासाठी मला एकदाही जिल्हा ओलांडावा लागला नाही.

पण या सर्विसला मी जे पैकीच्या पैकी देते ते एका आठवड्यासाठी. एप्रिलच्या शेवटी माझं पोट बिघडलं, उलट्या सुरू झाल्या, पाणीसुद्धा ठरेना. आधी सगळ्यांना वाटलं करोनाच, टेस्ट केली, निगेटिव्ह. दोन-तीन दिवस तसेच गेले. अंगात त्राण नाही, सासूबाई डोक्याशी बसून, अगं माय काहीच खाईना झालीस, आता कसं करावं म्हणून. गावातले डॉक्टर चांगले आहेत आमचे पण त्यांच्या दारात तेव्हा रांग, ऑक्सिजनची माणसं. कोऑर्डिनेटर ताईंना सकाळी फोन केला, त्यांनी लगेच कागद काढून प्रश्न विचारायला सुरुवात केली, लघवी किती वेळा झाली, रंग कसा, उभं राहिल्यावर चक्कर येते का, समोरचं एकाचं दोन दिसतं का, चालताना तोल जातो का, हातापायाला मुंग्या? मला वाटलं उलटीचा आणि डोळ्याचा काय संबंध. दहा मिनिटांत सर्जनचा फोन. म्हणाले तुमच्या डॉक्टरांना फोन द्या. आमचे हे मोबाइल घेऊन त्या रांगेतून आत गेले.

सर्जननी आमच्या डॉक्टरांना जे सांगितलं ते मी इथं मुद्दाम लिहितेय, कारण हे ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांच्या घरच्यांना माहीत पाहिजे. अशा पेशंटला उलट्या होत राहिल्या की शरीरातलं बी१ जीवनसत्त्व, थायमिन, संपत जातं, त्याचा साठा शरीरात मुळात थोड्याच आठवड्यांचा असतो. आणि अशक्तपणा आला म्हणून आपल्याकडं पहिलं काय करतात, तर ग्लुकोजची बाटली चढवतात. थायमिन कमी असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलंही खर्च होतं आणि मेंदूला इजा होऊ शकते, डोळे, तोल, स्मरणशक्ती, आणि ती कायमची राहू शकते. म्हणून आधी थायमिनचं इंजेक्शन, मग सलाईन. आमच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं, आपल्या पॅडवर लिहून घेतलं, तसंच केलं, आणि त्यांचा मोठेपणा हा की नंतर म्हणाले बरं झालं फोन आला, एरवी ग्लुकोजच लावलं असतं. दुसऱ्या दिवशी पाणी ठरायला लागलं. तरीपण सेंटरनं त्याच दुपारी लेटरहेडवर पत्र करून मोबाइलवर पाठवून ठेवलं होतं, पेशंटला तातडीनं आणावं लागेल म्हणून, जिल्ह्याच्या नाक्यावर दाखवायला. ते वापरावं लागलं नाही. पण गाडीत डिझेल भरून आणि पत्राची प्रिंट काढून झोपलो त्या रात्री आणि झोप लागली.

तसंच गुडघेदुखीच्या गोळ्यांचं. या ऑपरेशननंतर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या स्वतःच्या मनानं घ्यायच्या नाहीत, जठराला जखम होते. त्यांनी एक छोटं कार्ड करून दिलंय पाकिटात ठेवायला, मराठीत एका बाजूला आणि डॉक्टरांसाठी इंग्रजीत दुसऱ्या बाजूला, त्यात हे थायमिनचंही आहे. कार्ड लहान आहे पण लई कामाचं आहे.

एक गोष्ट लोकांना विचित्र वाटेल पण बंदीचा मला फायदाही झाला. एरवी मराठवाड्यात उन्हाळा म्हणजे लग्नं, आणि लग्न म्हणजे पंगतीतला आग्रह, एक जिलबी माझ्या हातची, नाही कसं म्हणता, अन्नाला नाही म्हणू नये. त्या उन्हाळ्यात २५ माणसांत आणि दोन तासांत लग्नं उरकत होती, मला कोणी बोलावलंच नाही. माझी ज्यांच्याशी ओळख झाली त्यातल्या २०१९ ला ऑपरेशन झालेल्या एक ताई सांगत होत्या की त्यांना पहिल्या वर्षात ताटावरून उठायला सगळ्यात जास्त त्रास नातेवाइकांनी दिला. मला घरातलीच चार माणसं समजवायची होती. सासूबाईंनाही मॅडमनी स्वतः फोन करून समजावलं, आई तिला उपाशी ठेवत नाही आम्ही, तिचं भांडंच लहान केलंय. सासूबाईंना ते पटलं आणि त्यांनी माझ्यासाठी देवघरातली चांदीची वाटी काढून दिली, तेवढंच माप.

आता जे खटकलं ते. केस गळणार हे ऑपरेशनच्या आधी कोणी बोललं नाही, गळायला लागल्यावर सांगितलं. लोंबणाऱ्या कातडीबद्दल तर कोणी अवाक्षर काढलं नाही, दंड आणि पोटाची कातडी आजही तशीच आहे, पावसाळ्यात घामोळ्या होतात, आणि त्याचं वेगळं ऑपरेशन असतं, वेगळा खर्च असतो आणि विम्यात ते सहसा सौंदर्याचं म्हणून धरत नाहीत. हे आधी सांगायला पाहिजे होतं, सांगितलं असतं तरी मी ऑपरेशन केलंच असतं, पण सांगायला पाहिजे. ऑनलाइन ग्रुप मीटिंग रात्री आठला ठेवायचे, तेव्हाच आमच्याकडं लाइट जायची आणि नेटवर्क मरायचं, अर्ध्या मीटिंगमध्ये मला फक्त गोल फिरणारं चाक दिसायचं. रेकॉर्डिंग मागितलं तर दिलं नाही, लोकांचे खाजगी प्रश्न असतात म्हणून, ते बरोबर आहे पण मग वेळ बदला. प्रोटीन पावडर त्यांच्याकडूनच घ्या असा जोर होता सुरुवातीला, ती महाग पडते, मी डब्यावरची प्रोटीनची ग्रॅम बघून दुसरी घेतली आणि मॅडमना दाखवली तर त्यांनी मोकळेपणानं चालेल म्हणलं, म्हणजे जोर वरून असावा. आणि मनाचं बघणारं माणूस नाही त्यांच्याकडं. आरशात वेगळीच बाई दिसते, नवऱ्याशी बोलताना अवघडल्यासारखं होतं, दुकानात लोक म्हणतात आजारी होता का, खाण्यावर जे दुःख काढायचे ते आता काढायला जागा नाही. हे डायटिशियनला किती सांगायचं? मॅडम ऐकून घ्यायच्या पण ते त्यांचं काम नव्हे. एक समुपदेशक ठेवलाच पाहिजे, मी लेखी कळवलंय.

पैशाचं पण सांगते. ऑपरेशन, हॉस्पिटल, औषधं मिळून तीन लाखांच्या वर गेलं. विम्याच्या नियमात लठ्ठपणाचं ऑपरेशन सरसकट बसत नाही, बीएमआय ४० च्या पुढं पाहिजे, किंवा ३५ च्या पुढं असून सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात नसलेली शुगर असं काही पाहिजे, आणि साधे उपाय करून उपयोग झाला नाही हे डॉक्टरांच्या कागदावर पाहिजे. विमा कंपनीनं तरी दोनदा कागद परत केले. सेंटरच्या विमा डेस्कवरच्या मुलानं आमच्या गावच्या डॉक्टरांची जुनी केसपेपरं मागवून, आधीच्या डाएटच्या नोंदी लावून ते परत पाठवलं, बराचसा भाग मिळाला, सगळा नाही. तुमच्याकडं जुन्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या असतील तर फेकू नका.

फॉलोअप पहिलं वर्ष पॅकेजमध्ये होता, दुसऱ्या वर्षापासून वर्षाची फी आहे, मी भरते. काही जण म्हणतात आता कशाला, वजन तर उतरलं. वर्ष झालं तेव्हा मी ७६ वर होते, शुगरच्या गोळ्या बंद झालेल्या, झोपेची तपासणी परत करून मशीन बंद झालं. आज ८१ आहे. थोडं परत चढतं, बहुतेकांचं चढतं, दोन-तीन वर्षांनी भूकही परत येते आणि ते नळीएवढं पोटही थोडं सैलावतं. पण मी दर रविवारी अजून काट्यावर चढते, दोन किलो वाढले की मॅडमना फोटो जातो आणि त्या विचारतात दुकानात शेवचं नवीन पोतं आलंय का. गोळ्या जन्मभर आहेत, बी१२, आयर्न, कॅल्शियम, डी, त्या सुटल्या तर त्रास दोन-चार वर्षांनी दिसतो आणि तोवर माणूस विसरलेला असतो की ऑपरेशन झालं होतं.

तुम्ही कुठं चौकशीला जाणार असाल तर डॉक्टरांच्या आधी डायटिशियनला भेटा आणि सरळ विचारा, रविवारी फोन लागतो का, रात्री उलट्या झाल्या तर कोण बोलणार, आमच्या गावच्या डॉक्टरशी सर्जन स्वतः बोलतील का, गावातल्या लॅबचा रिपोर्ट चालेल का, आणि ज्वारीच्या भाकरीत प्रोटीन किती. शेवटचा प्रश्न ऐकून जी चार्ट काढून वाचायला लागेल तिच्याकडं थोडं सांभाळून. आणि मागच्या दोन वर्षांत किती डायटिशियन बदलल्या तेही विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी ती मुलगी सहा महिन्यांत सोडून जाते आणि पुढचीला तुमचं काहीच माहीत नसतं. मुलगी लग्नाची असेल किंवा बाळाचा विचार असेल तर ऑपरेशननंतर निदान १२ ते १८ महिने थांबावं लागतं, हे ते सांगतील पण तुम्हीही विचारा, आमच्याकडं सासरचे थांबत नाहीत.

स्टार द्यायचे तर फोन फॉलोअपला पाच, ऑपरेशनला पाच, आधी नीट कल्पना देण्याला तीन, ऑनलाइन मीटिंगला दोन. सेलूहून तपोवन एक्सप्रेसनं गेलं तर दुपारी पोचता येतं आणि मॅडमची संध्याकाळची वेळ मिळते, फक्त रक्ताची तपासणी उपाशीपोटी असते म्हणून ती आदल्या दिवशी गावातच करून रिपोर्ट सोबत न्या.